नुसत्या बसणाऱ्या गुप्ते काकू

गुप्ते काकूंना इन्कम टॅक्समधलं ओ की ठो कळत नाही. तरीही वर्तकनगरमधल्या आमच्या बिल्डिंगमधली निम्मी नोकरदार पोरं जुलै आला की आपापला लॅपटॉप घेऊन त्यांच्याच डायनिंग टेबलापाशी जातात आणि रिटर्न भरूनच बाहेर पडतात. काकू काय करतात? शेजारच्या खुर्चीवर बसतात. बस्स. "मला काही कळत नाही गं, मी नुसती बसते," असं त्या स्वतःच सांगतात आणि त्यात विनय वगैरे काही नसतो. खरंच कळत नाही.

ही प्रथा काकांपासूनची. गुप्ते काका एका रविवारी रिटर्न भरायला बसत आणि काकू वाल सोलत त्यांच्या बाजूला. ही बसली की भरून होतं, नाहीतर मी सारखा उठतो, असं काका सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. ते ऐकून वरच्या मजल्यावरचा, रिटर्न भरताना रडकुंडीला आलेला एक इंजिनियर मुलगा काकूंशेजारी येऊन बसला. त्याचं झालं, आणि तिथून रांग लागली. गेल्या वर्षी होळीनंतर काका गेले. त्यांचं शेवटचं रिटर्न नाशिकच्या भाच्याने भरलं. त्या जुलैत काकूंच्या दारात कोणी लॅपटॉप घेऊन गेलं नाही, कसं जाणार? यंदा काकूंनीच मला जिन्यात गाठलं. "मृणू, तुझं पहिलंच ना? मग ये की बसायला."

माझं पहिलंच होतं आणि त्याचे हाल चालले होते. बाबांचं म्हणणं, त्यांच्या ऑफिसमधल्या एकाला देऊन टाकू, तो सगळ्यांची करतो. पण आत्या जेवायला आलेली असताना मी भर पंगतीत जाहीर केलेलं की मी कमावते तर भरणारही मीच. बोलताना फार छान वाटलं. मग पोर्टल उघडलं. वर्षभरात मी मानपाड्याची नोकरी सोडून वागळे इस्टेटमधली धरलेली, त्यामुळे पगाराचे दाखले दोन, आणि दोन्ही मिळून जो आकडा येत होता तो पोर्टलला मान्य नव्हता. शाळेत अमीबा कसा जेवतो हे मला चित्रासकट शिकवलेलं आहे. हे मात्र कोणालाच शिकवावंसं वाटलं नाही. दोन रविवार मी नुसती चिडत राहिले. मुदत संपत आलेली, बाबांसमोर हरून जायचं नव्हतं, म्हणून काकूंकडे गेले.

काकूंचे नियम साधे. उठायचं नाही. शिरा रिटर्न भरून झाल्यावर, आधी नाही. आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. हा शेवटचा त्यांनी स्वतःलाच घातलेला आणि सगळ्यात कडक.

तो किती कडक, ते मला पहिल्याच तासात समजलं. ऑफिसमधून फोन आला म्हणून मी नियम मोडून गॅलरीत गेले. परत येते तर पोर्टल बंद. काही वेळ हालचाल दिसली नाही की ते एक चौकट दाखवतं, पुढे चालू ठेवायचं का विचारतं, उत्तर नाही मिळालं तर बाहेर काढतं. माझी सगळी मेहनत गेलेली. काकूंनी ती चौकट आली तेव्हाही पाहिलेली आणि गेली तेव्हाही. मी जवळजवळ ओरडलेच, की समोर आलेलं ना, मग दाबायचं ना बटण.

"रिटर्न तुझं," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी का दाबू?"

मला इतका राग आला की मी सगळं पुन्हा भरायला घेतलं. आता काकूंचं दुसरं अस्त्र बाहेर आलं. प्रत्येक ओळीवर बोट न टेकवता बोट दाखवत त्या विचारायच्या, "हे म्हणजे काय गं?" आणि समजल्याशिवाय पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. घरभाडे भत्ता म्हणजे काय, तर कंपनी भाड्यासाठी देते ते. तू भाडं देतेस? नाही. मग? मग काय, मी तो रकाना गुपचूप सोडला. पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम आली तेव्हा मी सांगितलं, की नोकरी करायला जो खर्च येतो त्यासाठी सरकार एवढी सूट देतं, बघा, या दाखल्यातही आहे, त्या दाखल्यातही आहे.

"एकाच माणसाला दोनदा?" काकूंनी विचारलं.

त्यांना खरंच नवल वाटलेलं. मी मात्र गार पडले. दोन्ही कंपन्यांनी आपापली सूट धरलेली आणि मी दोन्ही मिळवून बसलेले. दोन रविवार जी गाठ सुटत नव्हती ती हीच. मी काकूंकडे पाहिलं तर त्या वाल सोलत होत्या.

अशी बसणारी माणसं मी दुसरी पाहिलेली नाहीत. आपण कोणाशेजारी बसलो की सल्ला देतो, मोबाईल बघतो, निदान उसासे तरी टाकतो. काकू यातलं काहीही न करता तासन्‌तास बसतात, आणि त्यांच्या शेजारी आपल्याला आपण मूर्ख आहोत असं वाटत नाही. मला तर त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

रिटर्न गेलं. शिरा आला. खाता खाता मी सहज विचारलं, की काकू, तुमचं कोण भरतं?

काकूंनी पदराने टेबल पुसलं. तिथे काही सांडलेलं नव्हतं. काकांची पेन्शन आता त्यांच्या नावावर येते, तेव्हा यंदा त्यांनाही भरायचंय. भाचा करून देतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. ह्यांनी कधी दुसऱ्याला दिलं नाही, मग मी का देऊ. काकांचा लॅपटॉप दोनदा उघडला आणि दोनदा मिटला. "एकटीने बसलं की उठावंसं वाटतं गं," त्या म्हणाल्या.

मी बशी बाजूला ठेवली आणि त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला काही कळत नाही, मी नुसती बसते, असं म्हटल्यावर काकू हसल्या आणि त्यांनी लॅपटॉप आणला.

एका बोटाने, चष्मा वर-खाली करत, त्या भरू लागल्या. प्रत्येक ओळीला मी "हे म्हणजे काय?" विचारत होते. सकाळचा सूड घेत होते म्हणा ना. व्याज झालं, बँक झाली. मग पुढची ओळ आली, फॅमिली पेन्शन, आणि त्याच सुरात माझ्या तोंडून गेलं, "हे म्हणजे काय?"

जीभ चावून उपयोग नव्हता. नियम त्यांचाच होता.

"हे गेले म्हणून मला मिळतं, ते," काकू म्हणाल्या आणि उठल्या. चहा टाकते, म्हणत आत गेल्या. आतून ना भांड्याचा आवाज आला, ना लायटरचा.

उठायचं नाही, असं मला म्हणवलं नाही. त्यांच्यामागे जाववलंही नाही. मी स्क्रीनकडे बघत बसले आणि ती चौकट आली. पुढे चालू ठेवायचं का? चौकटीतले सेकंद उलटे पळायला लागले. एका बोटाने भरलेलं सगळं आता जाणार होतं.

मी हात पुढे केला आणि बटण दाबलं. थोड्या वेळाने ती पुन्हा आली, मी पुन्हा दाबलं. काकूंना हवं तितका वेळ आत उभं राहू दे. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला.