लटकलेलं टोक

आमच्या कॉलेजात तपासणीला मोठे साहेब आले, तेव्हा प्राचार्य हार घेऊन पुढे झाले आणि देवाजीभाऊ खाली वाकले. सगळ्यांना वाटलं, पाया पडताहेत. देवाजीभाऊंनी साहेबांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि उभं राहत म्हणाले, "लटकलेलं टोक मले पाहवत नाई जी."

देवाजीभाऊ ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात संगणक कक्षाचे परिचर, मी ऑफिसातला हेडक्लार्क. माणूस दहावी नापास, पण प्राध्यापक रजेवर गेले की फळ्यापुढे तेच उभे. "हब म्हणजे दवंडीवाला. चिठ्ठी एकाची, बोंब साऱ्या गावात! स्विच म्हणजे पोस्टमन. कोणाचं घर कोणतं, त्याले पाठ. आन् राऊटर म्हणजे जीपवाला. गावातली चिठ्ठी बाहेरगावी नेते, तिकडची इकडे आणते." पोरं हसायची आणि परीक्षेत नेमकं हेच लिहायची. प्राध्यापक कपाळाला हात लावायचे, पण चूक काढता यायची नाही. दसऱ्याला देवाजीभाऊ आधी राऊटरला सोनं द्यायचे, मग प्राचार्यांना. प्राचार्यांनी हे मनाला लावून घेतलं होतं.

प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी मात्र घात झाला. खिडकीबाहेर पोरांची ही रांग, आणि सगळे संगणक एकदम ठप्प. स्विचवरचे दिवे गणपतीच्या मांडवात लागतात तसे लुकलुकत होते. राऊटर बंद करून चालू केला, कुणी नारळ फोडायची सूचना केली. शेवटी देवाजीभाऊच टेबलाखाली शिरले आणि पडेल चेहऱ्यानं बाहेर आले. सकाळी झाडताना त्यांना एक वायर दिसली होती. एक टोक स्विचमध्ये, दुसरं जमिनीवर. त्यांनी ते उचलून त्याच स्विचमध्ये खुपसलं होतं. निघालेला निरोप फिरून तिथंच यायचा, पुन्हा निघायचा. बिचाऱ्या पोस्टमनला वेड लागलं होतं.

"लटकून राह्यलं होतं जी," ते म्हणाले.

मी चारचौघांत ओरडलो, "तुम्हाला काही कळतं का हो?"

ते दिवसभर टेबलांखाली शिरून एकेक वायर तपासत राहिले. मला चैन पडेना. रविवारी सकाळी माफी मागायला मी त्यांच्या घरी गेलो.

"काऊन जी सर, एवढ्या दूर?" म्हणत त्यांनी चहा टाकला. एकटा जीव, पण घरात संगणक आणि भिंतीवर छोटा स्विच. स्विचमधली एक वायर संगणकात गेलेली, दुसरी भिंतीला भोक पाडून पलीकडे.

"तिकडं दादाचं घर," ते म्हणाले. "ऋषीभाऊ. वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडलो, नऊ वर्सं झाले, बोलत नाई. त्याच्या नातीनं कंप्युटर घेतला म्हणून मी वायर सरकवून देली. तिकडचं टोक लटकून राह्यलं." स्विचवर एक दिवा हिरवा होता, त्याच्या शेजारचा, पलीकडे गेलेल्या वायरीचा, विझलेला. देवाजीभाऊ बोलता बोलता त्या विझलेल्याकडे बघत होते. साहेबांच्या बुटापर्यंत हात घालणारा हा माणूस भिंतीपलीकडच्या टोकाला हात लावू शकत नव्हता.

चहा संपवून मी निघालो आणि सरळ शेजारच्या घरात शिरलो. ऋषीभाऊ ओसरीत बसले होते. मी ओळख सांगितली आणि वायरचं विचारलं. त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. वायरीचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर सुतळीनं बांधलेलं होतं.

"उंदरं खातेत, म्हणून बांधलो," ते गुरकावले.

"मग लावत का नाही?"

"कंप्युटरच्या कोणत्या भोकात लावाचं, मले काय समजते? नातीले मी हात लावू देलो नाई. ज्यानं धाडलं त्यानं येऊन लावावं ना."

त्या वायरीचं भोक संगणकाला एकच असतं आणि दुसऱ्या कुठल्या भोकात ती जातच नाही, हे मला देवाजीभाऊंनीच शिकवलं होतं. मी ऋषीभाऊंना काही ते सांगितलं नाही. परत फिरून फक्त देवाजीभाऊंना म्हटलं, "दादांना भोक सापडत नाहीये."

देवाजीभाऊ उठले आणि चप्पल न घालताच निघाले. मी त्यांच्या घरात स्विचकडे बघत बसलो. भिंतीपलीकडून आधी भांडल्याचा आवाज आला. मग दुसरा दिवा लागला.