टिटवीचे चार खडे

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि जाणकार फार झाले होते.

तिथे प्रत्येकाच्या मोबाइलवर ‘ओळखफळा’ होता. पान, पीस, पाऊलखूण, काहीही दिसलं की त्याचा फोटो टाकायचा. ते काय आहे, हे बाकीच्यांनी सांगायचं. तिघांचं एकमत झालं की ओळख पक्की. गव्यांचा कळपसुद्धा पाण्यावर जाताना आधी फळा बघायचा. वाटेत अंडी आहेत असं दिसलं, तर वळसा घालून जायचा.

म्हणून सगुणा टिटवीने माळावर खड्यांमध्ये घातलेल्या चार अंड्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘टिटवीची अंडी. माझीच आहेत.’

थोड्या वेळाने भाऊसाहेब बगळ्यांचं उत्तर आलं. भाऊसाहेबांच्या नावावर अकरा हजार ओळखी होत्या. तळ्यातून पाय मात्र त्यांनी कित्येक वर्षांत बाहेर काढला नव्हता.

‘सविनय असहमत. हे खडे आहेत.’

‘सहमत,’ ससा म्हणाला. त्याने फोटो उघडलाच नव्हता. ससा म्हणतोय म्हणून होला पक्षीही सहमत झाला.

‘अहो भाऊसाहेब, मी घातलीत ती!’ सगुणाने लिहिलं.

लगेच फळ्याचे नियम सांभाळणारी खारूताई धावली. ‘सगुणाताई, जाणकारांशी बोलताना उद्गारचिन्ह चालत नाही. आणि “मी घातली” हा पुरावा नव्हे. ते तुमचं वैयक्तिक मत झालं.’

‘मग काय करू गं?’

‘तिघांची सहमती आणा.’

सगुणा साळिंदराकडे गेली. ते कानाशी येऊन हळूच म्हणालं, “अंडीच आहेत, ताई. आंधळ्यालाही कळेल. पण भाऊसाहेबांनी परवाच फळ्यावर माझ्या काट्याची ओळख पक्की केलीय. आता त्यांच्याविरुद्ध कसं बोलू?”

इतक्यात जमीन हादरली. गवे निघाले होते!

सगुणा उडत आली आणि पंख पसरून अंड्यांपुढे उभी राहिली. “थांबा हो गवेदादा! अंडी आहेत!”

म्होरक्या गव्याने फळा बघितला. “खडे आहेत, ताई. खड्यांसाठी कळप वळवला तर जंगल हसेल आम्हाला.”

त्याने खूर उचलला.

“खडेच आहेत!” सगुणा ओरडली. “पण खुद्द भाऊसाहेबांनी ओळखलेले आहेत!”

खूर हवेतच थांबला.

“भाऊसाहेबांचे खडे? मग आधी नाही का सांगायचं, बाई!”

गव्यांनी वळसा घातला. जाताना प्रत्येकाने खड्यांना मान लववली.

काही दिवसांनी खडे फुटले. चार पिल्लं माळावर तुरुतुरु पळू लागली. सगुणाने त्यांचाही फोटो टाकला.

भाऊसाहेबांनी लिहिलं, ‘पायवाले खडे. नवी जात. शोध मीच लावला.’

ससा सहमत. होला सहमत.

गवे उद्याही त्याच वाटेने येणार होते. सगुणाने पिल्लांना पंखाखाली घेतलं, आणि तीही सहमत झाली.

तात्पर्य : आपली अंडी आपल्याला ओळखता येतात म्हणून कुणी शेफारून जाऊ नये. आधी जाणकारांना विचारावं. ते खडे म्हणाले, तर पिल्लांना तसं प्रेमाने समजावून सांगावं.