तळ्याकाठच्या स्वस्त घराची हकिकत

श्री जलदेवतेस नमन करून, पाहिले तेवढेच लिहितो. शके १९४१, विकारीनाम संवत्सर, माघ मास. ते समयी राज्याचे थोरले तळे नासले. पाण्यावर हिरवी साय धरली आणि मासे उताणे तरंगू लागले आणि खालच्या आळीत, जिला दुसरे पाणी नाही, ओकाऱ्यांची साथ जाहाली. मग महाराजांनी दूरदेशीहून यंत्र आणविले. ते तळ्याच्या तळाशी हवा फुंकी, तेणेकरून पाणी निवळे. परंतु यंत्रास ऊन-पाऊस सोसेना, म्हणोन घर पाहिजे जाहाले. दरबारात कोणी घुमट सुचविला, कोणी सज्जा. कारभारी अंताजीपंतांनी विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा, इतक्यात काम उरकविले. महाराज बहुत संतोष पावले. तळ्याचा राखणदार हैबती, त्याची बायको सगुणा साथीत अंथरुणास खिळली होती. त्याने यंत्र सुरू केले आणि थोडक्याच दिवसांत काठाशी तळचे खडे दिसू लागले आणि सगुणा उठून भिंतीस टेकून बसली.

मग रिवाजाप्रमाणे, सरकारी घर म्हणोन, पंतांनी आत महाराजांची तसबीर लाविली. रिवाज असाही, की तसबिरीपुढे कोणी आवाज चढवू नये. गवंडी मकाजी खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "पंत, हे यंत्र तर रेड्यागत ओरडतंय!" पंत दचकले आणि यंत्र तत्क्षणी बंद करविले.

हैबती धावत आला. "पंत, तसबिरीवर फडकं टाकू."

"महाराजांचे तोंड झाकतोस?"

"मग भिंतीकडं फिरवू."

"पाठ कोणास दाखवावी, यंत्रास?"

"उतरवू तरी."

"उतरविणार कोण? तू? मी तर नाही रे बाबा."

"मग घोटभर पाणी प्या इथलं."

पंत म्हणाले, "आमचे पाणी डोंगरावरून येते, हैबती." आणि दरबारास विचारणा धाडिली.

उत्तर येईना. चैत्र सरला आणि साय पुन्हा धरली आणि सगुणा पुन्हा निजली, ती उठली नाही. हैबतीने हंबरडा फोडला, तो तळ्याच्या पलीकडल्या बांधावर जाऊन. घरात तसबीर होती आणि नोकरी त्या घरावरच होती.

मग उत्तर आले. महाराज विचारीत होते, आमच्या शेजारी यंत्र बसविण्याचे धाडस कोणाचे? सबब यंत्र उघड्यावर काढिले. उन्हाने त्याच्या नळ्या तडकल्या, पुढे पावसाने ते गंजले. हैबतीस तसबीर पुसण्याचे काम नेमून दिले.

सारांश, घर स्वस्तात जाहाले आणि पक्के जाहाले. पत्रा अद्याप गळत नाही. महाराज आत कोरडे आहेत.