बुवांच्या कपाळचा बुक्का

"हरदासाच्या नाकात रामनाम असतं, घाण नव्हे! सांगा त्या डॉक्टराला!" अप्पा ओरडले ते गिरगावातल्या त्या चाळीच्या चारही मजल्यांना ऐकू गेले.

रामनवमी तोंडावर आली होती. अप्पांनी कीर्तन ठरवले होते, आणि कीर्तनकार चिंतामणीबुवांच्या नाकात मांस वाढून आवाज असा कोंडला होता, की सीतेचा शोक ऐकून बायका काढा सुचवीत. डॉक्टर हेमचंद्र ते मांस नाकातूनच काढणार होते, तेही अप्पांच्याच खोलीत. सकाळपासून बुवांना जंतू मारणाऱ्या जांभळ्या पाण्याच्या गुळण्या चालल्या होत्या.

"अप्पा, कातडी घासून धुता येते, नाक आतून घासता येत नाही," डॉक्टर हात कार्बोलिकने चोळत म्हणाले. "जखम चिघळली तर आवाजाचं सोडा, माणूस जाईल. कुणी शिवू नका."

पण बुवांना देवाच्या आशीर्वादावाचून शस्त्रक्रियेला कसे बसवायचे? अप्पांनी हळूच चिमूटभर बुक्का त्यांच्या कपाळी लावला. सवयीने बुवांनी मान लववली. बुक्का नाकात गेला. शिंक आली ती थेट उकळलेल्या हत्यारांवर.

"पुन्हा उकळा!" डॉक्टर गरजले.

ओशाळलेल्या अप्पांनी आपल्या उपरण्याने बुवांचे नाक पुसले.

"पुन्हा धुवा!"

शेगडी पुन्हा फुलली. हत्यारे निवली का, हे अप्पांनी बोट लावून पाहिले, तेव्हा मात्र डॉक्टर लालबुंद झाले. "बाहेर व्हा!"

"माझ्याच घरातून?"

"अहो," आतून रमाबाई कडाडल्या, "मी सोवळ्यात असताना तुम्ही वरणाच्या पळीला बोट लावलंत, तर मी काय करते?"

"हाकलतेस," अप्पा पुटपुटले.

"मग व्हा बाहेर! तेही सोवळ्यातच आहेत."

अप्पा दाराशी उभे राहिले आणि उरलेला सगळा राग त्यांनी जिना चढणाऱ्यांवर काढला. "शिवू नका! लांबून नमस्कार!" नाकातले मांस निघाले, तरी हातात घेतलेली काठी त्यांनी पुढे आठ दिवस खाली ठेवली नाही.

रामनवमीला बुवांचा आवाज घंटेसारखा लागला. रामजन्म झाला तेव्हा, नुसते नाक बघायला आलेले डॉक्टर मुसमुसून रडत होते. ते उठले, चिमटीत बुक्का घेतला आणि बुवांच्या कपाळाकडे हात नेला.

अप्पांनी मनगट पकडले. "हात धुतलेत?"

"अहो अप्पा, जखम केव्हाच भरली!"

"ते मला सांगू नका. नळ जिन्याखाली आहे."

डोळे पुसत डॉक्टर जिना उतरले. बुवांनी ते वर येईपर्यंत कपाळ पुढे करून गजर चालूच ठेवला.