चार तुकडे शिळा ब्रेड

नागोरावांनी ब्रेडचा पहिला तुकडा अंडं फेटलेल्या दुधात बुडवला आणि वर काढला, तर हातात नुसती कड आली. दुसऱ्याचीही तीच गत. तिसरा तुकडा हातात धरून त्यांनी नातीला फोन लावला. यवतमाळला कॉलेजात शिकणारी मोनाली दुपारच्या गाडीने केळापूरला येणार होती, आणि फ्रेंच टोस्टचा हा घाट तिच्यासाठीच होता.

"आबाजी, ताजा ब्रेड आणला असन तुम्ही. शिळा पायजे. तो दूध पेते अन् धड राह्यते."

पण घरात शिळं कुठलं? सून ममता मोजून रांधणारी. शिवाय ती सकाळीच पांढरकवड्याला गेली होती. संध्याकाळी अंगणात बचत गटाची सभा होती आणि ममता अध्यक्ष होणार, हे जवळपास ठरलेलंच होतं. तिलाही गोड घास द्यावा, पण गुपचूप, असं म्हाताऱ्याच्या मनात.

ते शेजारच्या नंदाबाईंच्या दारात गेले.

"नंदाबाई, शिळा ब्रेड हाये काय? चार तुकडे."

"शिळा? कायले पायजे भाऊजी?"

"खायले, अजून कायले! पण ममताले सांगू नको हं."

नंदाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. नागोराव जन्माचेच काटकुळे. नंदाबाईंचे डोळे भरले. "शिळं काहून खाता? बसा," म्हणत त्यांनी गरम भाकर आणि झुणका पुढे ठेवला. नाही म्हणणं नागोरावांना जमत नसे. ते जेवले.

पुढच्या घरी लालीबाईंनी वरणभात वाढला. तोही त्यांनी संपवला. गल्ली आज किती मायाळू झाली, याचं नवल करत ते भुरीबाईंकडे पोचले. तिथे मात्र काम झालं. भुरीबाईंनी बकरीसाठी बराच ब्रेड बाजूला काढून ठेवला होता. त्या नको नको म्हणत असताना म्हाताऱ्याने तो धोतराच्या सोग्यात बांधला आणि हसत घरी आणला.

तासाभरात गल्लीला कळलं की ममताचा सासरा बकरीच्या तोंडचा घास घेऊन गेला.

संध्याकाळी बाया जमल्या, पण ममताशी कोणी बोलेना. चहाही कोणी घेईना.

"काय झालं वो नंदाकाकू?" ममताने विचारलं.

"काय व्हाचं राह्यलं? जिले सासऱ्याचं पोट सांभाळता येत नाही, ते गट काय सांभाळन?"

"म्हंजे?"

"दारोदार शिळं मांगून राह्यले भाऊजी! वरून म्हन्ते, ममताले सांगू नको!"

ममताने वळून आत पाहिलं. स्वयंपाकघरात नागोरावांच्या हातातलं उलथनं थांबलं. दुपारची भाकर, वरणभात आणि सगळी माया त्यांना एकदम उमगली. ते तसेच बाहेर धावले.

"अवो, मले तं मोनालीचा टोस्ट करायचा होता! माह्या सुनेनं मले कधी शिळं देल्लं नाही!"

बायांना ते पटेना. सून समोर असल्यावर म्हातारा दुसरं काय बोलणार? तेवढ्यात दुपारीच घरी पोचलेली मोनाली आतून परात घेऊन आली. सोनेरी, खरपूस तुकडे, वर साखर.

"काकू, हे शिळ्याचंच करतात. नाव फ्रेंच हाये, पण त्याच्याही आधी, दीड-दोन हजार वर्षं झाले, रोमचे लोक दुधात ब्रेड भिजवून तळत होते. शिळं वाया जाऊ नये म्हणून फ्रेंच लोकही करत."

नंदाबाई विचारात पडल्या. "मंग त्याह्यच्या सुनाही अशाच असतीन."

तरी त्यांनी एक तुकडा उचलला. मग दुसरा. तिसऱ्याला हात घालताना तोंड भरलेलंच होतं, म्हणून त्यांनी ममताच्या नावाला नुसता हात वर केला. बाकीच्यांनीही केला. भुरीबाईंनी तेवढं बकरीसाठी एक तुकडा पदरात बांधून घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी नंदाबाई ममताच्या दारात आल्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "पोट्टे टोस्टसाठी आयकूनच नाही राह्यले. चार तुकडे शिळा ब्रेड हाये काय वो?"

ममताने पदर खोचला, उंबऱ्यावर आली आणि शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "नाही वो काकू! आमच्या घरी शिळं राह्यतच नाही!"