गट ‘ब’साठी माणसं हवीत

जो प्रश्न एका विद्वानाला सुटत नाही, तो दोन विद्वानांना मिळून अधिक सविस्तरपणे सुटत नाही. ज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच. संयुक्त संशोधन साहाय्य केंद्र याच तत्त्वावर उभं आहे. एका बाजूला वैज्ञानिक, दुसऱ्या बाजूला धर्माचा किंवा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक आणि मध्ये चहा, अशी केंद्राची रचना. चहा संयोजकबाईंकडे. (नेमणूकपत्रात त्यांना ‘ज्ञानशाखांमधील सेतू’ म्हटलं आहे. सेतू म्हणजे ज्याच्या अंगावरून दोन्हीकडचे लोक चालत जातात तो.)

बाईंना काम मनापासून आवडायचं. ‘करुणा’ हा प्रकल्प त्यांनीच तडीस नेला होता. त्यानंतर ‘नम्रता’ घ्यायचं ठरलं होतं. पण त्या विषयातले सर्वोच्च अधिकारी आपणच आहोत, असं दोन्ही अर्जदारांनी कळवल्यामुळे तो बारगळला. मग ‘क्षमा’ आली.

क्षमेसाठी दोन माणसं निवडली गेली. यंत्रात मेंदूची चित्रं काढणाऱ्या मॅडम, आणि धर्मग्रंथ वाचता वाचता दोनदा चष्म्याचा नंबर बदललेले सर. विचारांची देवाणघेवाण व्हावी म्हणून त्यांना शेजारच्या खोल्या दिल्या, मध्ये प्लायवुडची भिंत. देवाणघेवाण काही झाली नाही, पण शिंका ऐकू यायच्या.

पहिले काही महिने व्याख्येत गेले.

“क्षमा बिनशर्त असते,” सर म्हणाले.

“असेल. पण मी मोजायची केव्हा?” मॅडम म्हणाल्या. “आधी जखम, मग क्षमा. जखम कधी झाली ते मला कळायला हवं. शक्यतो ताजी हवी.”

म्हणून प्रमाणित अपमान तयार करण्यात आला. ‘सौम्य, परंतु मनाला लागेल असा’ या अटीवर नीतिसमितीनं त्याला मंजुरी दिली. स्वयंसेवकाला वेळ देऊन बोलवायचं, लाकडी बाकावर ताटकळत ठेवायचं, चुकीच्या नावानं हाक मारायची, ‘साहेब जेवायला गेलेत, उद्या या’ म्हणून सांगायचं आणि तो वळला की पकडून यंत्रात घालायचं. पण मेंदूत कुठे राग दिसेना. बहुतेकांना वाटलं, आपण एखाद्या कचेरीत आलोय आणि काम बरंच पुढे सरकलंय. एक आजोबा तर जाताना म्हणाले, “फार चांगली वागणूक आहे हो तुमच्याकडे. बसायला बाक दिलात.”

तेव्हा अपमान रद्द झाला आणि लोकांनी आपापली दुखणी घरूनच आणावीत, असं ठरलं. रांग जिन्यापर्यंत गेली. कोणी मेहुण्यानं केलेलं आणलं, कोणी शेजाऱ्यानं केलेलं. एका बाईंनी विचारलं, “सासरचं एक आणि माहेरचं एक, असं दोन्ही चालेल ना?”

याच सुमारास दोन ज्ञानशाखांचं बिनसलं. मेंदूत रक्त कुठे धावतं ते टिपणाऱ्या यंत्राला सरांनी एका भाषणात ‘रक्ताचा मीटर’ म्हटलं. मॅडमनी एका वार्ताहराला सांगितलं, की ग्रंथांचा भाग आम्ही प्रास्ताविकात उरकलाय. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप बाई न्यायच्या.

“त्यांना सांगा, मी मुळीच रागावलेलो नाही.”

“मग दार का आपटतात, विचारा.”

(वार्षिक अहवालात याची नोंद ‘दोन्ही शाखांच्या सीमा प्रथमच सुस्पष्ट झाल्या’ अशी आहे.)

एकदा चहा ठेवता ठेवता बाई भीतभीत म्हणाल्या, “सर, तुम्ही दोघांनी एकमेकांना माफ करून टाकलंत तर?”

सर दचकले. “बाई, आम्ही या विषयाचे अभ्यासक आहोत. आम्हीच क्षमा करत सुटलो तर तटस्थता राहील का?”

“हे मात्र बरोबर आहे,” भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज आला.

प्रकल्पाचा हा पहिला संयुक्त निष्कर्ष.

मग एके दिवशी सकाळचा स्वयंसेवक आलाच नाही. वाटेत त्याला भाऊ भेटला, दोघांचं मिटलं, आणि गडी संशोधनाच्या दृष्टीनं निकामी झाला. यंत्र तापलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, “बाई, तुम्हीच झोपा. कोणाबद्दल काही आहे ना मनात?”

होतं. ताई होती. आईला दवाखान्यात नेलं होतं आणि ताईनं वेळेवर कळवलं नव्हतं. बाई पोहोचल्या तेव्हा आईच्या खाटेवर पुढच्या रोग्यासाठी नवी चादर अंथरलेली होती. त्यानंतर बहिणी बोलल्या नाहीत. लग्नाकार्यात भेटल्या तर एक पुढच्या रांगेत बसायची आणि दुसरी मागच्या.

यंत्राच्या नळीत डोळे मिटल्यावर बाईंना चादर आठवेल असं वाटलं होतं. आठवली ती दातात रिबीन धरून त्यांची वेणी घालणारी ताई. ‘हलू नकोस गं’ असं ती त्या रिबिनीतूनच म्हणायची. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. यंत्रातही हलायला मनाई असते, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

“हा भाग उजळलाय,” मॅडम म्हणाल्या. “क्षमा झाली.”

सर दारातून डोकावले. “ही क्षमा नव्हे. ही आठवण आहे.”

“तुम्हाला मेंदूतलं काय कळतं?”

“तुम्हाला मेंदूखेरीज काय कळतं?”

कित्येक महिन्यांनी दोघं समोरासमोर बोलत होते. बाईंनी पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या. संध्याकाळी त्यांनी फोन लावला.

“कोण गेलं?” ताईनं विचारलं.

“कोणी नाही गं. मी बोलतेय.”

“मग फोन कसा?”

“ताई, मी तुला माफ केलंय.”

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“तू? मला?” ताई म्हणाली. “अगं, मी तुला केव्हाच माफ करून टाकलंय.”

“मला? कशाबद्दल?”

“त्या दुपारी फोनवर फोन लावत होते. तुझा बंद. आई दाराकडे बघत होती. शेवटी म्हणाली, धाकटी कामात असेल, तिला त्रास देऊ नकोस. मग मीही नाही दिला.”

त्या दुपारी ‘करुणा’ची समारोपाची बैठक होती. बैठकीत फोन बंद ठेवावेत, असा केंद्राचा नियम आहे. मसुदा बाईंचाच. फोन बंद होता हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते या हिशेबात धरायचं असतं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं, “आपल्याकडे इतके लोक आले. त्यांच्यात ‘मी कोणाला तरी दुखावलंय’ म्हणणारे किती?”

मॅडमनी शोधलं. एकही नव्हता. इतकी दुखावलेली माणसं, आणि दुखावणारं कोणीच नाही. शास्त्राच्या दृष्टीनं हा फार मोठा दोष होता. ताबडतोब गट ‘ब’ स्थापन करून जाहिरात देण्यात आली : ज्यांनी कोणाला दुखावलं आहे अशा व्यक्ती हव्या आहेत, येण्याजाण्याचा खर्च मिळेल.

प्रतिसाद पोत्यांनी आला. सगळी नावं दुसऱ्यांची. काहींनी सोबत फोटो जोडले होते, काहींनी घराचा नकाशा आणि माणूस हमखास सापडण्याची वेळ. दोन पाकिटांवर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. एकात सरांचं नाव सुचवलेलं होतं, एकात मॅडमचं. बाईंना दोन्ही अक्षरं ओळखीची होती. सरांच्या अक्षरातलं पाकीट त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि मॅडमच्या अक्षरातलं सरांच्या. त्या आठवड्यात भिंतीच्या दोन्ही बाजूंना शिंकसुद्धा आली नाही.

गट ‘ब’मध्ये बाईंनी स्वतःचं नाव घातलं, पण यंत्रात जाण्याआधी त्या रविवारी ताईकडे गेल्या. ताईनं दार उघडलं. वाटेत जुळवलेली वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली.

“माझं चुकलं,” त्या म्हणाल्या.

“आधी चप्पल काढ,” ताई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

प्रकल्पाचा अहवाल प्रसिद्ध झाला आहे. त्याला दोन प्रस्तावना आहेत आणि त्या एकमेकींचा उल्लेख करत नाहीत. एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढता येत नाही, असं मॅडमचं मत. एक पुष्कळ झाली, असं सरांचं. वाद मिटेपर्यंत गट ‘ब’ खुला आहे. जागा भरपूर आहेत, दुपारी तर मुळीच गर्दी नसते.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोणीतरी आलंच असेल, आणि त्यांनी हे वाचायला हवं, असंही वाटलं असेल. कृपया त्यांचं नाव केंद्राला कळवू नये. त्यांनी तुमचं केव्हाच कळवलं आहे.