उडी मारायची कधी

बटण दाबलं की पडद्यावरच्या बुटक्या खाणकामगाराने खड्ड्यावरून उडी मारायची, एवढाच काय तो खेळ. पण लिफ्टमिस्त्रीने बटण दाबलं की खाणकामगार आधी निवांत खड्ड्यात जायचा. उडीचं त्याला तिथे पोचल्यावर सुचायचं.

हा खेळ मिस्त्री आणि त्याची ताई शाळेत असताना कोपऱ्यावरच्या दुकानात, लाकडी पेटीएवढ्या मशिनवर खेळायचे. ताई दरवेळी जिंकायची. तिनेच तेव्हा त्याला ‘गोगलगाय’ म्हणायला सुरुवात केली. घरात तेही चाललं असतं. पण मागच्या महिन्यात तो एका इमारतीत काम करत असताना ताईने खालून जिन्यात तोंड घालून “ए गोगलगायी” अशी हाक मारली. तेव्हापासून त्या आठ मजल्यांवर कोणीही लिफ्ट कधी सुरू होणार असं विचारत नाही, नुसतं हसतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला हे नाव म्हणजे पोटावर पाय.

शेवटी फोनवर पैज लागली. ताई रविवारी येणार, तीन डाव व्हायचे. तो जिंकला तर ते नाव कायमचं बंद. ताई जिंकली तर तेच नाव दारावरच्या पाटीवर लावायचं.

त्या मशिनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मिस्त्रीने संगणकावर उतरवलं, संगणक नव्या टीव्हीला जोडला आणि रोज संध्याकाळी बिघाड शोधायला बसला. पद्धत लिफ्टचीच: एक गोष्ट बदलायची, शंभर वेळा चालवून बघायचं, फरक पडला तर त्या गोष्टीला पुन्हा हात लावायचा नाही.

बिनवायरचा कंट्रोलर काढून वायरचा आणला. शंभर उड्यांनंतर फरक पडला. मग लहरींचा संशय आला म्हणून सगळ्यांचे फोन बाल्कनीत गेले. आणखी फरक. ओव्हनची वायर काढली. आणखी. बायकोने विचारलं, की आता जेवण तोंडाने फुंकून गरम करायचं का. गुरुवारी त्याने सासूबाईंना कानातलं यंत्र बंद ठेवण्याची विनंती केली. त्यांनी ती फारच आनंदाने मान्य केली आणि त्यानंतर घरातल्या एकाही भांडणात भाग घेतला नाही.

शनिवारी खाणकामगार एकाही खड्ड्यात पडेना. टीव्हीत काडीचाही फरक पडलेला नव्हता. मिस्त्रीचा अंगठाच आता बटण अंमळ आधी दाबायला शिकला होता, पण हे त्या अंगठ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी ताई आली, पर्स मांडीवर घेऊन बसली आणि पहिल्याच खड्ड्यात गेली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही.

“हे बटण झोपलंय रे,” ती म्हणाली.

“बटण ठीक आहे. वय झालं तुझं.”

पहिला डाव मिस्त्रीचा. ताई अंगठा चोळत राहिली. बायकोला ते बघवेना. नणंद झाली म्हणून काय, साठीची बाई खड्ड्यात पडताना किती वेळ बघायचं? निदान चित्र तरी उजळ करावं म्हणून तिने रिमोट घेतला आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरली.

“अहो, इथे सिनेमा, खेळ-सामने, गेम असं काय काय आहे. आपलं सिनेमावर आहे. तुम्ही गेमच खेळताय ना?” असं म्हणत तिने बटण दाबूनही टाकलं.

इतके दिवस चित्र नटवून-थटवून मग क्षणभर उशिरा दाखवणारा टीव्ही आता आलं तसं लगेच दाखवायला लागला. ताईच्या हाताखाली खाणकामगार खड्डे असे ओलांडत गेला, जणू दुकान कालच बंद झालं होतं. मग मिस्त्रीची पाळी आली. त्याने सवयीने बटण दाबलं. खाणकामगार तत्काळ उडाला, खड्ड्याच्या बराच अलीकडे उतरला आणि तसाच चालत आत गेला. सगळे जीव त्याने याच पद्धतीने वाया घालवले. तिसऱ्या डावातही. “पहिलं होतं तसं कर ना,” असं तो बायकोला अगदी हळू आवाजात म्हणाला, पण ती म्हणाली, बिघाड होता तो, आता निघाला.

हरल्यावर तो मुकाट्याने पाटी काढायला स्क्रूड्रायव्हर घेऊन उठला. ताई त्याच्यामागे दारापर्यंत गेली.

“थांब रे. ते नाव आता खोटं होईल. गोगलगाय कुठे खड्डा यायच्या आधी उडी मारते?”

मिस्त्रीने आशेने वळून पाहिलं.

“नाकतोडा लिही,” ताई म्हणाली.

सासूबाईंनी तेवढं ऐकण्यापुरतं यंत्र सुरू केलं होतं; त्यांनी नाव पसंत केलं आणि यंत्र परत बंद केलं. मिस्त्रीने नवी पाटी स्वतःच ठोकली, पातळीयंत्र लावून, अगदी सरळ. मग दोन पावलं मागे जाऊन तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्या आठ मजल्यांवर हे कळायला हरकत नव्हती. बढतीच होती ती.